टाकी दिसणारी खोली

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात अमरावतीतलं आमचं मुलींचं वसतिगृह प्रशासनानं करोनाच्या रोग्यांसाठी ताब्यात घेतलं. मी तिथली रेक्टर. मुली आदल्या वर्षीच घरी गेल्या होत्या, इमारत रिकामी पडून होती. एका सकाळी मी चाव्यांचा जुडगा एका तरुण अधिकाऱ्याच्या हातात दिला. त्यानं आधी त्यावर सॅनिटायझर मारलं, मग हातात घेतला आणि म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही आत यायचं नाही."

माझं क्वार्टर मेसच्या मागं आहे. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहिले की समोर वसतिगृहाची मागची बाजू दिसते, खिडक्यांच्या ओळीवर ओळी. त्या खिडक्यांत एरवी मुलींचे ओले टॉवेल, कुंड्या, अभ्यासाचे दिवे. आता तिथं अनोळखी माणसं उभी राहू लागली. कुणी गजाला कपाळ टेकवून, कुणी नुसतंच. विद्यापीठाच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. टेकड्यांकडून मोर थेट मेसच्या पायऱ्यांपर्यंत यायचे आणि बिबट्या दिसल्याच्या बातम्या चौकीदार रोज नव्यानं सांगायचा. त्या शांततेत खोकल्याचा आवाज फार लांबवर जातो. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. कोरडा खोकला कोणता, कफाचा कोणता हे मला कळायला लागलं होतं आणि कळतंय याचीच भीती वाटायची.

मधल्या मजल्यावर एक बाई दिवस मावळायला खिडकीत यायची. एकदा तिनं हात हलवला. मीही हलवला. मग रोजचंच झालं. एवढ्या अंतरावरून चेहरा दिसायचा नाही, फक्त डोक्यावरचा पदर. एके दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत एक म्हातारा उभा होता. त्यानं हात हलवला नाही. मीही ओट्यापासून लांब झाले.

त्याच दिवसांत अकोल्याला माझी मोठी बहीण गेली. तिला आधी कुठल्याशा कॉलेजच्या इमारतीत ठेवलं होतं, मग दवाखान्यात. जिल्ह्याच्या सीमा बंद, मला जाता आलं नाही. भाच्यानं फोनवर सांगितलं, "मावशी, आटोपलं सगळं." काय आटोपलं, कुठं, कुणी, हे विचारण्या-सांगण्याचं बळ दोघांतही नव्हतं.

पावसाळ्यानंतर इमारत आम्हाला परत मिळाली. गाद्या मागच्या मैदानात जाळल्या होत्या, तिथलं गवत काळं पडलं होतं. सगळ्या मजल्यांवर औषधाचा वास, डोळ्यांना झोंबणारा. मुली यायला अजून अवकाश होता. मी रंगाऱ्यांना काम नेमून देत होते, तेव्हा चौकीदार सांगत आला की फाटकावर एक माणूस कधीचा उभा आहे, जा म्हटलं तर जात नाही.

पन्नाशीच्या आतबाहेरचा, काळासावळा, अंगात धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. मला पाहून त्यानं हात जोडले.

"मॅडम, मले एक खोली पाह्याची होती."

"कुणाच्या अॅडमिशनसाठी का भाऊ? अजून सुरू नाही झालं."

"नाही जी. माही बायको इथं होती. उन्हाळ्यात."

त्यानं सांगायला सुरुवात केली. कौंडण्यपूरच्या वाटेवर त्यांचं गाव. थोडी जमीन, त्यात झेंडू, शेवंती, बांधावर भाजीपाला. नवरा-बायको दोघंच राबायचे, फुलं अमरावतीच्या बाजारात आणायचे. त्या उन्हाळ्यात देवळं बंद, लग्नं बंद, फुलं झाडावरच वाळत होती. तरी ती पहाटे उठून तोडायची. झाडावर वाळलेलं फूल तिला पाहवत नव्हतं. तिला ताप आला. तपासणीत निघालं. गाडी आली, ती स्वतःच्या पायानं पिशवी घेऊन बसली. "आठ-दहा दिवसांत येतो, झाडाले पाणी देत जाजा," म्हणाली. इथून रोज फोन करायची. मग श्वास लागला म्हणून दवाखान्यात हलवलं, ते त्याला नंतर कळलं. तो स्वतःच तोवर घरात बंद. एक दिवस फोन आला. पुढचं सगळं इतरांनी केलं. त्यानं काहीच पाहिलं नाही.

"मयताचं तोंड नाही पाह्यलं मॅडम, राख आमाले देल्ली थे तिचीच हाय का दुसऱ्याची थेही माहीत नाही. आता मन असं करते का, थे कुठंतरी अजून आहेच. बाजारात गेलो का मांगं वळून पायतो." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "हे एवढंच हाय माह्यापाशी."

व्हिडिओ कॉल चालू असताना पुतण्यानं पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. बाई दिसत होती, पण अर्धी. कपाळ, एक डोळा, बाजूला पिवळी भिंत आणि मागं खिडकी. खिडकीतून टेकडीवरची पाण्याची टाकी, तिचा वरचा गोल भाग आणि दोन खांब.

"थे खोली दाखवा मले. बाकी काही नाही पाहिजे."

परवानगी घ्यायला हवी होती. कुणाकडं घ्यायची ते मला सुचलं नाही, खरं तर सुचवून घ्यायचंही नव्हतं. रंगाऱ्यांना मी चहाला पाठवलं आणि आम्ही दोघं वर गेलो.

टाकी दिसते ती पुढच्या बाजूच्या खोल्यांतून. माझं स्वयंपाकघर मागच्या बाजूला. पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं, मी जिला हात करत होते ती ही नव्हे. ती दुसरीच कुणी. तिचा नवरा, मुलगा, कुणी आलंच नव्हतं अजून.

आम्ही एकेक दार उघडत गेलो. तो खिडकीशी जायचा, मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा आणि बाहेरची टाकी त्यातल्या टाकीशी जुळवायचा. "हे नाही. इथून टाकी पुरी दिसते." पुढची खोली. "इथून झाड आडवं येते." मी नुसती मागं मागं. काही भिंती रंगवून झाल्या होत्या, काहींवर अजून जुना पिवळा रंग होता. मधल्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत तो बराच वेळ मोबाइल धरून उभा राहिला. मग हात खाली केला.

"हेच हाय."

लोखंडी पलंग उघडा होता, वर पत्रा. तो त्यावर बसला नाही, पलंगाच्या बाजूला खाली फरशीवर बसला, आजाऱ्याजवळ बसतात तसा. मी दारातच थांबले. बाहेर कुठंतरी भारद्वाज घुमत होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "इथं रात्री कोणी जवळ राहत होतं का?"

"मला माहीत नाही भाऊ. आम्हाला आत येऊ देत नव्हते."

"तिले अंधाराचं भेव होतं. घरी दिवा ठेवाच लागे." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बरं झालं, खोटं नाही बोलल्या. मी ज्याले इचारलं थो म्हणे, शांत गेली, शांत गेली. जो तिथं नव्हताच थोही म्हणे."

उठताना त्यानं खिडकीच्या गजावर एकदा हात ठेवला. खाली आल्यावर मी चहा दिला, त्यानं तो अर्धाच घेतला आणि बसस्टँडकडं चालत निघाला. रिक्षा करून देते म्हटलं तर ऐकेना.

त्यानंतरच्या सुट्टीत मी अकोल्याला गेले. भाच्याला विचारून ताईला ठेवलं होतं ती इमारत शोधून काढली. तिथल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "कायले पाहता बाई? सगळं नवीन रंगवलं. खोल्याही पाडून मोठ्या केल्या." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं मला व्हरांड्यात नेलं, हात करून दाखवलं, "इकडल्या बाजूनं बायका होत्या म्हणतात." मी त्या बाजूला पाहिलं. नवे बाक, नवा फळा, पंखे. माझ्याकडं फोटो नव्हता. जुळवायला काहीच नव्हतं. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीकडं पाठ करून बसले.

मुली परत आल्या तेव्हा वसतिगृहात भुताच्या गोष्टी त्यांच्या आधीच येऊन बसल्या होत्या. टोकाच्या खोलीत कुणी खोकतं. जिन्यावर चपला घासत कुणी जातं. नळ आपोआप सुटतो. मी रागावले, समजावलं. रंगाचा वास आहे, पाइपात हवा आहे, सगळं सांगितलं. पण सांगताना माझाच आवाज मला पोकळ वाटायचा, कारण खोकला मलाही ऐकू यायचा. ओट्याशी उभी राहिले की हटकून. रिकाम्या खिडकीतून. मी कुणाला बोलले नव्हते.

टोकाची खोली कुणी घेईना. शेवटी ती धारणीहून आलेल्या एका मुलीच्या वाट्याला आली. समाजकार्याला होती, उशिरा प्रवेश मिळाला होता, निवड करायला तिला जागाच उरली नव्हती. आठवडाभर ती काही बोलली नाही. मग एके दुपारी ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, माझ्या खोलीत कोण राहिलं होतं, सांगाल का?"

"कशाला डोक्यात घेतेस ते? अभ्यास कर."

"कोण होतं ते माहीत नसलं की जास्त भीती वाटते. माहीत झालं तर निदान कोणाला भ्यायचं ते तरी कळेल."

मी तिला बसवलं आणि फुलवाल्या भाऊंची सगळी हकीकत सांगितली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "ते परत येतील का? मला त्यांना काही विचारायचंय."

आमच्या मानसशास्त्र विभागात एक ज्येष्ठ बाई होत्या. त्या सगळ्या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन घाबरलेल्या लोकांसाठी मदतीचा फोन चालवला होता आणि त्या कामानं त्यांचे केस एका वर्षात पांढरे झाले होते. मी त्यांच्याकडं गेले. मुलींची भीती सांगितली, त्या माणसाचं येणं सांगितलं. आणि कसं कोण जाणे, खोकल्याचंही बोलून गेले.

"मला फोनची रिंग ऐकू येते," त्या म्हणाल्या. "उचलला नव्हता त्या फोनची." मग त्यांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं. "बोलवा त्यांना. मुलींनाही बसवा. मी येते."

चौकीदाराच्या वहीत नंबर होता, निरोप दिल्यावर भाऊ आले. येताना सोबत त्यांच्या पलीकडच्या गावचं एक जोडपं होतं, त्यांची आई याच इमारतीत राहून गेली होती. हॉलमध्ये मुली सतरंजीवर बसल्या, अगदी दाटीनं. भाऊंना खुर्ची दिली तर ते खालीच बसले. धारणीच्या मुलीनं विचारलं, "काका, मी त्या खोलीत राहते. काकू कशा होत्या?"

त्यांना वाटलं असावं की आजाराबद्दल विचारतील. ते गोंधळले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"कशी म्हणजे... बम भांडखोर होती."

कुणीतरी हसलं आणि लगेच दाबलं.

"हासा, हासा. खरंच होती. व्यापाऱ्याशी भांडे, कंडक्टरशी भांडे. दिवस निंगाल्यावर कोणी झोपून दिसलं का पांघरूण ओढे. पाहुणा असला तरी! माह्या साळ्याचं ओढलं होतं, थो पुन्हा मुक्कामाले आला नाही. अन् पालीले भ्याये. वाघ आला तरी भ्याली नसती, पण पाल दिसली का वावरात जाऊन बसे."

ते बोलतच राहिले. तिच्या हातांना कायम झेंडूचा कडवट वास यायचा. भाकर करतानासुद्धा. पहिल्यांदा तो त्यांना आवडत नव्हता. एवढं सांगितलं आणि थांबले. मानसशास्त्राच्या बाईंनी बोलायची घाई केली नाही. मग त्या जोडप्यातल्या सुनेनं आपल्या सासूचं सांगायला सुरुवात केली. दिवेलागण होऊन गेली तरी मुली उठल्या नाहीत.

त्यानंतर भूत गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्या मजल्यावर सकाळी मुली एकमेकींना उठवताना म्हणू लागल्या, "ऊठ गं, काकू पांघरूण ओढतील." धारणीची मुलगी म्हणाली, "आवाज आजही येतात मॅडम. पण आता ओळखीचे आहेत."

लोक येत राहिले. एकमेकांकडून ऐकून यायचे. कुणाला खोली पाहायची असायची, कुणाला फक्त व्हरांड्यात थांबायचं असायचं. मी ओट्याच्या खिडकीतून पाहायची, मधल्या मजल्यावरच्या त्या बाईचं कुणी येतंय का. आलं असेलही. मी ओळखणार कशी?

पुढच्या वर्षी विद्यापीठानं ठरवलं की अशी साथ पुन्हा आली तर आपली तयारी हवी. बैठका सुरू झाल्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या लोकांनी प्रयोगशाळेत तपासणी कशी वाढवायची ते मांडलं. अभियंत्यांनी ऑक्सिजनची नळी कुठून न्यायची ते दाखवलं. सगळं नेमकं, उपयोगाचं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मला वसतिगृहाच्या खोल्यांबद्दल माहिती द्यायला बोलावलं होतं. मी ती दिली आणि बसायच्या ऐवजी उभीच राहिले.

"यात घरच्यांसाठी काय आहे?"

"म्हणजे?" एकानं विचारलं.

"आतल्या माणसाचं काय चाललंय ते घरी कोण सांगणार? हलवलं तर कोण सांगणार? शेवटच्या वेळी जवळ कोण बसणार? दोन वर्षं झाली, लोक अजून माझ्या फाटकावर येतात हो."

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. एक गृहस्थ समजुतीनं म्हणाले, "मॅडम, हे बरोबर आहे, पण आधी जीव वाचवणं महत्त्वाचं."

मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "मागं राहिलेल्यांचेही जीवच आहेत. ते कुठं जातात मग?"

असं करत आराखड्यात घरच्यांसाठीचं एक कलम आलं. पुढं सरावाचा दिवस ठरला. समाजकार्याच्या मुलामुलींना त्यांच्या त्यांच्या तालुक्यांतल्या रोग्यांची घरं वाटून दिली, म्हणजे घरच्यांशी बोलणारा आपल्याकडचा असेल. काही मुली खोट्या रोगी होऊन खोल्यांत गेल्या. खाली पटांगणात निंबाच्या झाडाखाली नातेवाइकांच्या खुर्च्या मांडल्या आणि त्या जागी बसायला आम्ही खरे नातेवाईकच बोलावले. चूक आमची कुठं होते ते त्यांनाच कळेल, असं बाईंचं म्हणणं.

भाऊंची 'रोगी' होती धारणीची मुलगी. टोकाच्या खोलीच्या खिडकीतून तिनं फोन केला, ते खाली तोंड वर करून बोलले. दोघं हसत होते. बाकी ठिकाणीही ठीक चाललं होतं. मग वर कुणीतरी ठरल्याप्रमाणे धारणीच्या मुलीला त्रास वाढल्याचं धरून दुसऱ्या मजल्यावर नेलं. धावपळीत खाली सांगायचं राहून गेलं.

भाऊ पुन्हा वर पाहतात तर खिडकी रिकामी.

ते उठले. खुर्ची मागं पडली. "कुठं नेलं तिले?" आधी हळू, मग मोठ्यानं. "कुठं नेलं? आमाले काहून नाही सांगतलं? मी इथंच तर बसून होतो ना!" आपण नाटक करतोय हे ते विसरले नव्हते असं त्यांनी मला नंतर सांगितलं. माहीत असूनही अंग थरथरत होतं, ते थांबेना. ती मुलगी जिन्यावरून धावत खाली आली, तोंडावरचा मास्क ओढून काढत. "काका, मी इथं आहे. मी आहे काका." त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि मग खाली मातीत बसून मोठ्यानं रडले. त्या उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच, ते म्हणाले.

सराव तिथंच थांबवला. त्या दिवशी एक नियम झाला, बाकीच्यांच्या वर लिहिलेला: खालच्या माणसाला सांगितल्याशिवाय वरच्या माणसाला हलवायचं नाही.

आम्ही मोठ्या साथीसाठी तयारी करत होतो, पण कामी आली ती वेगळ्याच ठिकाणी. गेल्या पावसाळ्यात धारणीच्या बाजूला एका गावात पुराचं पाणी विहिरीत शिरलं आणि गॅस्ट्रोची लागण झाली. रस्ता खचलेला, जीप अर्ध्या वाटेपर्यंतच. आमची सूक्ष्मजीवशास्त्राची मंडळी पाणी तपासायला गेली, डॉक्टर सरकारी होते, आणि समाजकार्याची तुकडी घेऊन गेली तीच मुलगी. ती आता शिक्षण संपवून विभागातच कामाला लागली होती. शाळेत खाटा टाकल्या. आत कोण कसं आहे ते ती वारंवार बाहेर येऊन त्यांच्या भाषेत, कोरकूत, सांगायची. एरवी दवाखान्याची गाडी पाहून रानात निघून जाणारी माणसं त्या वेळी शाळेच्या कुडाला टेकून बसून राहिली, आणि त्यामुळं दुखणं अंगावर काढणारे आणखी काही जण आपणहून आले, असं तिचं म्हणणं. विहीर साफ झाली. बहुतेक सगळे उठून घरी गेले.

एक म्हातारबाबा मात्र उठले नाहीत. तिचा फोन आला तेव्हा मी ओट्याशीच होते. आवाज तुटत होता.

"मॅडम, एक आजोबा गेले. त्यांचा मुलगा जवळ होता. आम्ही त्याला मास्क-हातमोजे घालून आत बसवलं होतं, कालपासून."

मी तिला जेवून घ्यायला सांगितलं. दुसरं काय सांगणार? मग तशीच उभी राहून भाऊंना फोन लावला. का लावला ते सांगता येणार नाही, त्यांचा आणि त्या गावाचा काही संबंध नव्हता. मागं बाजाराचा गलबला ऐकू येत होता. मी सांगितलं. ते बाजूला आले असावेत, गलबला जरा कमी झाला.

मग त्यांनी विचारलं, "पोराले हात धरू देल्ला का?"

"हो भाऊ. धरू दिला."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि कुणाला तरी फुलांचा भाव सांगत त्यांनी फोन ठेवला.